सॅनफिलिपो सिंड्रोममध्ये उत्तेजक औषध: कधी, कसे आणि कुठवर

देवगड तालुक्यातील एका बाजारपेठेत गेली अठरा वर्षे माझे औषधाचे दुकान आहे, आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाला सॅनफिलिपो सिंड्रोम हा आनुवंशिक आजार आहे. भाचा आता अकरा वर्षांचा आहे. साडेपाचव्या वर्षी, आजाराचे नाव कोणालाच ठाऊक नसताना, एडीएचडी, म्हणजे लक्ष न लागण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, समजून त्याला मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध सुरू झाले. सातव्या वर्षी खरे निदान झाल्यावर तेच औषध नीट आखणी करून पुन्हा एकदा देऊन पाहिले आणि अकरा आठवड्यांनी थांबवले. या दोन्ही वेळी घरात, दवाखान्यात आणि दुकानाच्या काउंटरवर जे शिकायला मिळाले ते येथे क्रमाने लिहीत आहे. कोकणात अशी मुले असलेली घरे एकमेकांपासून फार दूर आहेत, बालमेंदूविकारतज्ज्ञ बहुधा घाटापलीकडे किंवा मुंबईत असतात, आणि दोन भेटींमधले तीन-चार महिने घरच्यांनाच निभावून न्यावे लागतात.

औषध सुरू करणे, मात्रा बदलणे आणि थांबवणे हे निर्णय मुलाच्या डॉक्टरांचेच असतात, आणि पुढचे सर्व काही त्यांच्याशी अधिक नेमके बोलता यावे यासाठी आहे. माझे स्वतःचे मत मात्र आधीच स्पष्ट सांगतो. उत्तेजक औषध हा या आजारावरचा उपचार नाही. एखाद्या ठरावीक त्रासासाठी, ठरावीक मुदतीपुरते आणि आधी कागदावर लिहिलेल्या कसोटीवर ते करून पाहता येते, आणि कसोटीला उतरले नाही तर मनात काही न ठेवता थांबवता येते. मुदत आणि कसोटी नसेल तर ते सुरूच करू नये.

पहिले काम: चंचलतेचे मूळ ओळखणे

शरीरात हेपारान सल्फेट नावाच्या साखरेच्या लांब साखळ्या असतात. पेशींमधील लायसोसोम या कप्प्यांत काही एन्झाइम त्या टप्प्याटप्प्याने तोडतात. यांतील चार एन्झाइमपैकी एखादे जन्मतःच निकामी असले की साखळ्या न तुटता साचत जातात आणि सर्वांत जास्त हानी मेंदूची होते. कोणते एन्झाइम बिघडले आहे त्यावरून आजाराचे ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार होतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ सिल्वेस्टर सॅनफिलिपो यांनी सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. कागदपत्रांवर तो म्युकोपॉलीसॅकॅरिडोसिस प्रकार ३ किंवा नुसता एमपीएस-३ असाही लिहिलेला आढळतो.

पहिले वर्ष-दोन वर्षे मूल इतरांसारखेच वाढते. नंतर बोलणे मागे पडते. तीन-चार वर्षांच्या सुमारास अतिचंचलता सुरू होते, रात्रीची झोप मोडते, मूल वस्तू तोंडात घालते, चावते, पळत सुटते, आणि नेमक्या याच काळात त्याच्यावर एडीएचडी किंवा स्वमग्नतेचा शिक्का बसतो. साधारण दहाव्या वर्षाच्या पुढेमागे चंचलता ओसरू लागते, पण ती मूल सुधारल्यामुळे ओसरत नाही. चालणे आणि गिळणे मागे पडू लागलेले असते. औषधाचा परिणाम जोखताना या गोष्टीचे फार महत्त्व आहे. त्याकडे शेवटी पुन्हा येईन.

चंचल मुलात पुढील खुणा एकत्र दिसत असतील, तर उत्तेजक औषधाची चिठ्ठी घेण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना एमपीएसची शंका बोलून दाखवावी: आधी येत असलेले शब्द हरवणे, दाट भुवया आणि राठ केस, मोठे डोके, बेंबीचा किंवा जांघेतला हर्निया, वारंवार कान फुटणे, महिनोन् महिने पातळ शौच, आणि रात्री दोन-तीन वाजता टक्क जागे होऊन घरभर फिरणे. माझ्या भाच्याच्या अंगावर यांतील पाच खुणा होत्या. मी त्या रोज पाहत होतो आणि त्या एका धाग्यात ओवता येतील हे मला सुचले नाही. लघवीतील ग्लायकोसअमिनोग्लायकॅनची, म्हणजे हेपारान सल्फेटसारख्या साखळ्यांची, तपासणी ही सुरुवात आहे, परंतु सॅनफिलिपोमध्ये ती कधी कधी खोटी निर्दोष येते, विशेषतः लघवी पातळ असेल तर. म्हणून शंका दाट असल्यास रक्तातील एन्झाइमची आणि पुढे जनुकाची तपासणी करून घ्यावी. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते. केंद्र सरकारच्या दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईचे केईएम रुग्णालय हे नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

येथे आणखी एका आजाराचे नाव घ्यायलाच हवे. शाळेत बरा चाललेला चार ते दहा वर्षांचा मुलगा अचानक लक्ष देईनासा झाला, ऐकूनही न ऐकल्यासारखे करू लागला, त्याचे अक्षर बिघडले, तर ते अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी या मेंदूची हानी करणाऱ्या आनुवंशिक आजाराचेही लक्षण असू शकते. तो अगदी सुरुवातीला सापडला तर मूलपेशी प्रत्यारोपणाने मेंदूची हानी रोखण्याची शक्यता असते, आणि उत्तेजक औषधावर घालवलेले सहा महिने ती संधी हिरावून घेऊ शकतात. आधी येत असलेली गोष्ट मुलाला येईनाशी झाली असेल, तर तिला नुसती चंचलता समजू नये.

सॅनफिलिपो आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आल्यावरच होतो, त्यामुळे प्रत्येक पुढच्या बाळाला तो होण्याची शक्यता चारात एक असते. घरात धाकटे भावंड असेल किंवा पुढच्या बाळाचा विचार असेल, तर जनुकीय सल्ला लगेच घ्यावा.

उत्तेजक औषध येथे कमी का चालते

मिथाइलफेनिडेट मेंदूतील पेशींच्या सांध्यांवर डोपामिन आणि नॉरअॅड्रिनलिन ही रसायने अधिक वेळ टिकवून ठेवते. एडीएचडीमध्ये पेशी शाबूत असतात आणि त्यांच्यातील निरोपांची देवाणघेवाण कमी पडते, म्हणून मूल थोडे थांबू आणि ऐकू लागते. सॅनफिलिपोमध्ये निरोप झेलणाऱ्या पेशीच साठ्याने भरत आणि मरत चाललेल्या असतात. डॉक्टरांचा एकूण अनुभव असा, की या मुलांना उत्तेजक औषधाचा फायदा झालाच तर थोडा आणि थोड्या काळापुरता होतो, आणि काही मुले उलट अधिक चिडचिडी आणि बेचैन होतात. म्हणून ते पहिल्या पसंतीचे औषध मानले जात नाही.

शिवाय या मुलांची सगळी धावपळ लक्ष न लागण्यातून येत नाही. भीती ओळखणारा मेंदूचा भाग, अमिग्डाला, यांच्यात आक्रसतो असे अभ्यासांत दिसले आहे. भाचा सहा वर्षांचा असताना एका ओहोटीला आम्ही त्याला किनाऱ्यावर नेले होते. तो बहिणीचा हात सोडून सरळ पाण्याकडे चालू लागला. पळाला नाही, एका चालीने गेला. लाट गुडघ्यावर आली, मग कमरेवर, तरी त्याने मागे वळून पाहिले नाही, की पाऊल आवरले नाही. त्याला काढून आणल्यावर तो हसत होता. असे वागणे कोणत्याही गोळीने आवरत नाही. त्यासाठी अंगणाच्या गडग्याला उंच फाटक लागते, विहिरीवर जाळी लागते आणि समुद्रावर जाताना दोन मोठी माणसे लागतात.

दुसरे काम: दुखणे शोधणे

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीवर द्यावा, आणि सगळ्यांत जास्त टाळली जाते ती हीच. बोलता न येणारे मूल वेदना वागण्यातून सांगते. अचानक वाढलेली चंचलता, स्वतःच्या हाताला चावणे, भिंतीवर डोके आपटणे, रात्रीचे ओरडणे, यांमागे बहुधा शरीरात कुठे तरी दुखत असते. पहिल्या वेळी आम्ही हे शोधले नाही. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी औषध लिहिण्यापूर्वी एक महिना फक्त दुखणे शोधण्यात घालवला. त्या महिन्यात भाच्याच्या दोन दाढा खोलवर किडलेल्या निघाल्या आणि उजव्या कानात पडद्यामागे चिकट द्रव साचलेला सापडला. दाढांवर उपचार झाल्यावर हाताला चावणे निम्म्यावर आले.

दात आणि कान कधी तपासले, ऐकणे कधी मोजले, शौच कसे होते, पोट फुगते का, हर्निया दुखतो का, हे आपण स्वतः विचारून तपासून घ्यावे. नितंबाच्या सांध्याचा एक्स-रे मागावा, कारण या आजारात मांडीच्या हाडाचे डोके झिजून दुखू शकते आणि मूल लंगडण्याआधी फक्त चिडचिडे होते. डोके वेगाने मोठे होत असेल, उलट्या होत असतील, नजर बदलली असेल, तर मेंदूत पाणी साचल्याची शंका घ्यावी. मध्येच शून्यात पाहणे, पापण्या फडफडणे, क्षणभर थबकणे हे लक्ष नसण्याचे लक्षण वाटते, परंतु ते झटके असू शकतात, आणि ते ईईजीशिवाय, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींच्या आलेखाशिवाय, कळत नाही.

दाढ काढायची असो वा कानात नळी बसवायची असो, एमपीएसच्या मुलांना भूल देणे श्वासमार्गाच्या रचनेमुळे अवघड असते. भूलतज्ज्ञांना आजाराचे नाव आधी सांगावे, असे काम मोठ्या रुग्णालयातच करावे, आणि जमल्यास दोन-तीन कामे एकाच भुलीत उरकून घ्यावीत.

तिसरे काम: झोप

रात्री तीन तास झोपलेले मूल दिवसा चंचल असणारच, आणि उत्तेजक औषध झोप आणखी मोडते. म्हणून झोपेचा प्रश्न आधी हाताळावा. घोरणे आणि श्वास अडकणे असेल तर टॉन्सिल व अॅडेनॉइड तपासून घ्यावेत. झोपेसाठी डॉक्टर बहुधा मेलाटोनिनपासून सुरुवात करतात. क्लोनिडिनही काही मुलांना दिले जाते, मात्र ते एकदम बंद केल्यास रक्तदाब उसळू शकतो, म्हणून पुरवठा तुटू देऊ नये. आमच्याकडे माजघराच्या एका कोपऱ्यात जमिनीवरच गादी घातली, खिडकीला जाळी बसवली, आणि दाराला वरच्या बाजूने कडी लावली. यामुळे भाचा जास्त झोपला असे नाही, पण बहीण झोपू लागली, आणि पुढची सारी निरीक्षणे तिलाच करायची होती.

चौथे काम: एकच उद्दिष्ट ठरवणे

‘मूल शांत व्हावे’ हे उद्दिष्ट होऊ शकत नाही, कारण ते मोजता येत नाही. आम्ही लिहिलेले उद्दिष्ट असे होते: दुपारच्या जेवणाला सलग दहा मिनिटे एका जागी बसणे. धावत धावत खाताना त्याला ठसका लागत असे आणि ती खरी भीती होती. दुसऱ्या एखाद्या घरात शाळेच्या गाडीत पट्टा लावून बसणे किंवा थेरपीच्या अर्ध्या तासात दोन खेळ पूर्ण करणे, असे काही असू शकेल. एक उद्दिष्ट, एक वेळ आणि मोजण्याची एक पद्धत, एवढे पुरे.

त्याखालीच थांबवण्याच्या कसोट्या लिहाव्यात. आमच्या कागदावर तीन होत्या: पहिल्या चार आठवड्यांनंतर दहा मिनिटांचे उद्दिष्ट आठवड्यातील किमान चार दिवस साधले नाही तर थांबणे; वजन एक किलोहून अधिक घटले तर थांबणे; नवा झटका किंवा नवी विचित्र हालचाल दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करणे. त्या कागदावर डॉक्टरांची सही घेतली होती. घरातील चार माणसांची चार मते असतात, तेव्हा असा कागद फार कामी येतो.

पाचवे काम: सुरू करण्यापूर्वीच्या तपासण्या

सॅनफिलिपोमध्ये हृदयाच्या झडपा जाड होऊ शकतात आणि ठोक्यांच्या वहनातही बिघाड होऊ शकतो, तर उत्तेजक औषध नाडी आणि रक्तदाब वाढवते. म्हणून ईसीजी आणि इकोकार्डिओग्राम केल्याशिवाय सुरुवात करू नये. रक्तदाब मोजताना लहान मुलांचा पट्टा वापरला जात आहे ना, ते पाहावे. मोठ्या माणसांचा पट्टा लहान दंडावर लावला तर आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब यांची पहिली नोंद वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह करावी.

मूल इतर कोणती औषधे घेते ती सर्व डॉक्टरांपुढे ठेवावीत, बाटल्या आणि पाकिटांसकट. मिथाइलफेनिडेटमुळे फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोन या झटक्यांवरील औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. चिडचिड आणि आक्रमकपणा आवरण्यासाठीचे रिस्पेरिडोन चालू असेल तर दोहोंपैकी एकाची मात्रा बदलताना अंग ताठरणे किंवा नको त्या हालचाली दिसू शकतात. माझ्या काउंटरवरून सर्रास नेले जाणारे सर्दीचे सिरपही या यादीत येते: त्यातील फिनाइलएफ्रिनने रक्तदाब आणखी वाढतो, आणि गुंगी आणणारे घटक काही मुलांना उलट अधिक चाळवतात. अशा मुलासाठी सर्दीचे औषधदेखील विचारल्याशिवाय आणू नये. आपल्याकडे लहान मुलांना कपात चहा ओतून देण्याची सवय आहे. तो चहा या काळात बंद ठेवावा.

सहावे काम: चिठ्ठी आणि पुरवठा

हे माझे रोजचे क्षेत्र असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. मिथाइलफेनिडेट हे शेड्यूल एक्समधील, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीतील, औषध आहे. ते विकण्यासाठी दुकानाकडे वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो, आणि चिठ्ठी दोन प्रतींत लागते. त्यांतील एक प्रत दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो. चिठ्ठीवर डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर तीच चिठ्ठी दाखवून औषध दुसऱ्यांदा मिळत नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या बहुतेक दुकानांकडे हा परवाना नसतो, माझ्याकडेही नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे मिळत नाही’ असे उत्तर आले, तर त्यात दुकानदाराची टाळाटाळ नसते.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्यापूर्वीच दोन प्रती मागून घ्याव्यात. त्यावर मुलाचे पूर्ण नाव व पत्ता, औषधाचे नाव, साधी गोळी की सावकाश सुटणारी, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि एकूण किती गोळ्या, तारीख, सही आणि नोंदणी क्रमांक आहे ना, हे तेथेच वाचून पाहावे. यांतील एक गोष्ट राहिली की कणकवलीहून कोल्हापूरपर्यंतची खेप फुकट जाते. आमची एकदा गेली आहे. रुग्णालयाच्या आवारातील दुकानातून त्याच दिवशी औषध घेणे सर्वांत सोपे. पावसाळ्यात दरडी कोसळून घाट बंद पडतात आणि कोकण रेल्वेचे वेळापत्रकही बदलते, म्हणून जून ते सप्टेंबरमधील भेट ठरवताना औषध संपण्याच्या तारखेपासून मागे दहा दिवस मोजून ती ठरवावी. आठवडाभर गोळी नाही, मग पुन्हा पूर्ण मात्रा, अशी तुटक पद्धत या मुलांना सोसत नाही.

पाकीट कुलपात ठेवावे. हे औषध नशेसाठी वापरले जाते आणि लहान भावंडाने खाल्ले तर धोका होतो. पावसात आपल्या घरांत मीठ पाझरते, गोळ्यांनाही ओल लागते. म्हणून गोळी पाकिटातून आयत्या वेळीच काढावी आणि आठवड्याच्या गोळ्यांचे तुकडे एकदम करून ठेवू नयेत.

सातवे काम: सुरुवात, मात्रा आणि वही

सुरुवात कोणत्या आठवड्यात करावी हेही ठरवावे लागते. गणपतीत घर पाहुण्यांनी भरते, ताशांचा आवाज असतो, मुलाच्या हातात दर तासाला कोणी तरी मोदक ठेवते. शिमग्यात पालखी दारात येते. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या काढणीत घरातील प्रत्येक हात पेट्या भरण्यात गुंतलेला असतो आणि मुंबईचे चाकरमानीही आलेले असतात. अशा दिवसांत औषधाचा परिणाम कोणता आणि गडबडीचा कोणता, हे वेगळे काढता येत नाही. आमच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतरचा, घर शांत असलेला काळ निवडला.

औषधापूर्वी दोन आठवडे नुसती वही लिहावी. त्या दोन आठवड्यांशी तुलना केल्याखेरीज पुढच्या कोणत्याही नोंदीला अर्थ नाही. रोज पाच गोष्टी पुरतात: उद्दिष्टाची मिनिटे, एकूण झोप, किती खाल्ले, झटक्यासारखे काही, आणि त्या दिवशी वेगळे काय घडले. बहीण शाळेच्या जुन्या चौकडीच्या वहीत लिहीत असे. दर रविवारी तीच जागा, तीच वेळ ठरवून मोबाइलवर जेवणाची पाच मिनिटांची चित्रफीत काढत असू. ती पाहून डॉक्टरांनी तीन मिनिटांत जे ओळखले, ते आम्हाला अर्धा तास बोलूनही सांगता आले नसते.

एडीएचडीच्या सहा वर्षांवरील मुलांत साधी गोळी बहुधा पाच मिलिग्रॅमपासून सुरू करतात. सॅनफिलिपोच्या मुलांबाबत काळजी अधिक, म्हणून भाच्याला त्याच्याही निम्मी, म्हणजे अडीच मिलिग्रॅम, फक्त सकाळी, नाश्त्यानंतर सुरू केली. साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या-एक तासात दिसू लागतो आणि तीन-चार तासांत ओसरतो. मात्रा वाढवायचीच असेल तर आठवड्याहून आधी नाही, आणि त्या आठवड्यात दुसरे काहीही बदलायचे नाही: नवे सिरप नाही, नवी थेरपी नाही, झोपेच्या औषधात फेरफार नाही. दुसरी गोळी असल्यास ती दुपारच्या जेवणाआधी. त्यानंतर चुकलेली गोळी संध्याकाळी भरून काढू नये, ती त्या दिवसापुरती सोडून द्यावी.

गोळी देण्याच्या पद्धतीबद्दल

तिसऱ्या आठवड्यात आमच्या हातून चूक झाली. दुपारची गोळी टाळावी म्हणून डॉक्टरांनी सावकाश सुटणारी गोळी लिहून दिली होती. ती गोळी अखंड गिळायची असते, कारण तिच्या रचनेमुळेच औषध दिवसभर थोडे थोडे बाहेर पडते. चुरली तर सारे औषध एकदम अंगात जाते. मी औषधविक्रेता असूनही ही सूचना बहिणीच्या सासूबाईंपर्यंत पोहोचवली नव्हती. त्या दिवशी बहीण बँकेच्या कामासाठी बाहेर गेली होती. दुपारी मी गेलो तेव्हा भाचा पडवीच्या खांबाभोवती थांबल्याशिवाय गोल फिरत होता, ओठ कोरडे पडले होते, बाहुल्या मोठ्या दिसत होत्या आणि छातीवर हात ठेवला तर ठोके मोजता येईनात. आजी म्हणाल्या, ‘‘गोळी गिळूक नाय तेका, म्हणान बारीक करून पेजेत घातलंय.’’ पाट्यावर गोळीची पांढरी पूड अजून दिसत होती. डॉक्टरांना फोन केला, त्यांच्या सांगण्यावरून जवळच्या रुग्णालयात नेले, तेथे रात्रीपर्यंत नाडी आणि रक्तदाब पाहत बसलो. सुदैवाने इजा झाली नाही. आजींची त्यात काही चूक नव्हती. नातू उपाशी आणि गोळीवाचून राहू नये एवढेच त्यांच्या मनात होते.

म्हणून ज्या मुलाचे गिळणे मागे पडत चालले आहे, त्याच्यासाठी सावकाश सुटणारी गोळी घेण्यापूर्वी ती चुरता येते का, हे डॉक्टरांना आणि दुकानदाराला स्पष्ट विचारावे. आमच्या बाबतीत पुन्हा साधी गोळी सुरू झाली. ती मऊ भाताच्या एका चमच्यात देता येत असे. घरात मुलाला भरवणाऱ्या प्रत्येक माणसाला, शाळेतील ताईंनाही, ही सूचना मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी आणि पाकिटावर चिकटवावी.

आठवे काम: चालू असताना काय पाहावे

भूक मरणे हा सर्वांत हटकून दिसणारा परिणाम. एडीएचडीच्या मुलाची भूक संध्याकाळी परत येते आणि ते भरून काढते. सॅनफिलिपोच्या मुलाला चावणे-गिळणेच कठीण जात असते, म्हणून हरवलेले वजन सहज परत येत नाही. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करावे. मूल उभे राहत नसेल तर आईने त्याला घेऊन उभे राहावे आणि आईचे वजन वजा करावे. गोळीपूर्वी भरपेट न्याहारी द्यावी, आंबोळी, घावन, तूप-भात, जे मुलाला जाते ते. उकाड्याच्या दिवसांत पाण्याकडेही लक्ष ठेवावे, कारण अशी मुले तहान सांगत नाहीत.

चेहऱ्याच्या किंवा मानेच्या नव्या झटकेदार हालचाली, एकाएकी रडू येणे, तासन् तास एकाच जागी खिळून बसणे, झोप आणखी घटणे, हे वहीत लिहून त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावे. मूल भोवळ येऊन पडले, छातीचे ठोके फार वेगाने पडू लागले आणि मंदावेनात, किंवा झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचे पाकीट सोबत न्यावे.

एक इशारा मुद्दाम देतो. औषधाने मूल गप्प झाले, कोपऱ्यात बसू लागले, हसेनासे झाले, आणि घर शांत झाले, तर त्याला यश समजण्याचा मोह होतो. दमलेल्या आईवडिलांना तो होणे साहजिक आहे, मी तो माझ्या बहिणीच्या डोळ्यांत पाहिला आहे. परंतु या मुलांच्या हातात हसण्याखेळण्याची वर्षे मोजकीच असतात. जी गोळी त्यांतले हसू काढून घेते, तिची मात्रा चुकली आहे किंवा ती गोळीच चुकली आहे.

नववे काम: थांबवणे

बाराव्या आठवड्याच्या आत डॉक्टरांसमोर वही ठेवून निर्णय घ्यावा, आपोआप पुढे चालू ठेवू नये. फायदा झाला असला तरी दर तीन-चार महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस थांबवून पाहावे. येथे सुरुवातीला सांगितलेली गोष्ट आठवावी: दहाव्या वर्षाच्या पुढेमागे आजारच मुलाची धावपळ कमी करू लागतो. अशा वेळी घरच्यांना वाटते की औषध छान लागू पडले आहे, आणि ज्याची गरज संपली आहे अशी गोळी वर्षानुवर्षे भूक मारत राहते. उलट कधी चालण्यातील अडखळणे आजाराचे समजले जाते आणि ते निघते औषधाचे. थांबवून पाहिल्याशिवाय यांतले काहीच कळत नाही. लहान मात्रा असल्यास ती बहुधा सहज थांबते. मोठी मात्रा बराच काळ चालू असेल तर डॉक्टर ती पायरीपायरीने उतरवतात. क्लोनिडिन सोबत असेल तर ते आपल्या मनाने त्याच दिवशी थांबवू नये.

उरलेल्या गोळ्या शेजारच्या ‘मस्तीखोर’ मुलासाठी कोणी मागितल्या तरी देऊ नयेत, आणि खाडीत किंवा शेणकीत फेकू नयेत. जेथून औषध घेतले त्या दुकानात किंवा रुग्णालयाच्या औषधविभागात परत कराव्यात.

औषध थांबल्यावरही वही आणखी दोन आठवडे चालू ठेवावी. भाच्याच्या बाबतीत दहा मिनिटांचे उद्दिष्ट तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात मिळून सहा दिवस साधले होते, नवव्या आठवड्यात दोनदा, दहाव्यात एकदाही नाही, आणि वजन एक किलो दोनशे ग्रॅम उतरले होते. कागदावरील दोन कसोट्या मोडल्या, म्हणून थांबलो. जेवणाच्या ठसक्यासाठी पुढे वाक्-उपचारतज्ज्ञांनी पेज किती दाट ठेवायची आणि खुर्चीला मागे उशी कुठे लावायची हे दाखवले, त्याचा उपयोग गोळीपेक्षा जास्त झाला. थांबवल्यानंतरच्या नवव्या दिवशी वहीत बहिणीच्या अक्षरात एवढेच आहे: ‘झोप साडेपाच तास. जेवणाला चार मिनिटे. सकाळी आंबोळीच्या ताटाकडे स्वतः हात नेला, दीड खाल्ली.’ त्याखाली पुढच्या रविवारच्या वजनासाठी रिकामी चौकट आखलेली आहे.